दुर्गंध निवारण मंडळाच्या सभेतला विषय क्रमांक चार

शनिवारी सकाळी दहा वाजता नोरहेडे गावातले त्रेसष्ट लोक विलाड्सच्या डुक्करफार्मवर रांगेत उभे राहून बादलीत नाक घालत होते.

रांग शिस्तीची होती. पहिल्या बादलीत नाक घालायचं, डोळे पुसायचे, तीन पावलं चालायचं, दुसऱ्या बादलीत नाक घालायचं आणि थक्क व्हायचं. थक्क होऊन झालं की उजवीकडे कॉफी होती.

पहिल्या बादलीत स्लरी होती, म्हणजे विलाड्सच्या सहा हजार डुकरांची विष्ठा, मूत आणि शेड धुतलेलं पाणी यांचा काळपट काला. दुसऱ्या बादलीतही तीच स्लरी होती. पण तिच्यात प्रेबेन स्कोव याने चार मुठी भारलेलं पीठ टाकलं होतं आणि वरून तांब्याच्या तारेचं एक वेटोळं सात वेळा फिरवलं होतं.

"जमिनीतून किरण येतात, मंडळी," प्रेबेन सांगत होता. मार्चच्या थंडीत त्याने पांढरा पातळ सदरा घातला होता आणि दोन्ही हातांत काटकोनात वाकवलेल्या तारा धरल्या होत्या. "काही उत्तर-दक्षिण येतात, काही पूर्व-पश्चिम येतात, आणि सुट्टीच्या दिवशी थोडे तिरके येतात. ते डुकराच्या पोटात अडकतात. डुक्कर ते बाहेर टाकतं. त्याला तुम्ही वास म्हणता. तो वास नाही. ते अडकलेल्या किरणांचं रडणं आहे."

"आणि पिठाने काय होतं?" कोणीतरी विचारलं.

"त्यांची समजूत निघते."

म्हाताऱ्या कार्लाने दुसऱ्या बादलीतून डोकं वर काढलं आणि थोडा विचार करून म्हणाली, "वाईट नाही."

डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडमधला माणूस मुलगी डॉक्टर झाली तरी 'वाईट नाही' म्हणतो आणि लॉटरी लागली तरी 'वाईट नाही' म्हणतो. त्या सकाळी अकरा जण 'वाईट नाही' म्हणाले. बारावा 'अगदीच वाईट नाही' म्हणाला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून खुर्चीवर बसवलं.

मेरेटे या गर्दीत चुकून सापडली होती. ती स्लरीचा टँकर चालवायची. दर वसंतात पंचक्रोशीतल्या फार्मांचे हौद ढवळायचे, स्लरी उपसायची आणि खत म्हणून पाइपांनी थेट शेताच्या मातीत सोडायची, हा तिचा धंदा. आज ती विलाड्सचा पंप तपासायला आली होती. पण कॉफी दिसल्यावर ती आधी कॉफीकडे गेली, आणि कॉफी रांगेच्या शेवटाला असल्यामुळे तिच्या नाकासमोर आधी दुसरी बादली आली.

तिने वास घेतला.

"ही तर सडक्या अंड्यांसारखी घाण मारतेय," ती म्हणाली.

प्रेबेन हसला. "तू उलटी आलीस."

"बादलीला उलटं-सुलटं असतं?"

"किरणांना असतं."

मग ती पहिल्या बादलीकडे गेली. डोळ्यांत अमोनिया गेला, नाकात कोणी सुया खुपसाव्यात तसं झालं. ती पुन्हा दुसऱ्या बादलीकडे आली, आणि खरंच, आता काही फारसं जाणवेना. तिच्या लक्षात आलं. पहिल्या बादलीत तोंड घालून आलेल्या नाकाला पुढची दोन मिनिटं हेरिंग माशांचं अख्खं पिंप दाखवलं तरी ते मान हलवणार नाही. आणि अमोनिया खरोखरच थोडा कमी झाला होता. त्या पिठात काहीतरी होतं. काय, ते मात्र कळत नव्हतं.

"विलाड्स," ती मालकाला म्हणाली, "लोकांना एकदा उलट्या बाजूने रांगेत उभं कर."

"मेरेटे, तुझ्या मनात आधीच खोट आहे," विलाड्स म्हणाला. अठ्ठावन्न वर्षांचा, आडव्या बांध्याचा माणूस. गेली अकरा वर्षं गाव त्याच्या वासाबद्दल तक्रार करत होतं, आणि अकरा वर्षांनी आज पहिल्यांदा गाव त्याच्या अंगणात हसऱ्या तोंडाने उभं होतं. "इकडे ये. तुला एक सांगतो. पण हसायचं नाही."

त्याने तिला पंपामागे नेलं.

"गुरुवारी आम्ही आत प्रयोग केला. शेड क्रमांक दोन. प्रेबेनने खालच्या हौदात तीस पोती पीठ आधीच टाकवलं होतं, तीन आठवडे मुरवलं. गुरुवारी पंखे बंद केले."

"पंखे का बंद?"

"किरण उडून जातात ना. दारं लावली, फक्त मी उभा होतो तेवढी फट ठेवली. बाहेरून ढवळणी चालू केली. आधी तू म्हणतेस तसा सडक्या अंड्यांचा वास आला. आणि मग, मेरेटे, एकदम काही नाही. स्वच्छ. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेडमध्ये कसलाच वास नव्हता. आणि तेवढ्यात समोरच्या चार डुकरांनी पुढचे पाय दुमडले, डोकं जमिनीला टेकवलं आणि नमस्कार केला."

त्याचे डोळे ओले झाले होते. त्याच्या धंद्यात डोळे ओले होण्याचा कोणी अर्थ काढत नाही, पण मेरेटेने काढला.

"डोकं दुखलं का तुझं?"

"दुखलं. प्रेबेन म्हणाला, किरण सुटताना दुखतंच."

"मग?"

"मग मी घाबरून दार उघडलं. डुकरं उठली. एकाने माझ्याकडे फार वाईट नजरेने पाहिलं, पण उठलं."

"आणि हा प्रेबेन कुठे होता?"

"बाहेर. त्याला वास सहन होत नाही."

मेरेटेने कॉलरला अडकवलेला पिवळा डबा हातात धरला. हौदावर काम करणारा प्रत्येक जण तो वायुमापक अडकवतो, आणि तो ओरडायला लागला की हातातलं टाकून पळतो. "विलाड्स, तो वास गेला नव्हता. तुझं नाक गेलं होतं. सडक्या अंड्यांचा वायू वाढला की आधी नाक मरतं, मग माणूस मरतो. डुकरांनी नमस्कार नाही केला, ती बेशुद्ध पडत होती."

"मी तिथे उभा होतो," विलाड्स शांतपणे म्हणाला. "आणि मी जिवंत आहे."

जिवंत माणसाशी वाद घालणं अवघड असतं. त्याच्याकडे नेहमी एक पुरावा जास्त असतो.

"पुढच्या शनिवारी दुर्गंध निवारण मंडळाची वार्षिक सभा इथेच आहे," तो पुढे म्हणाला. "सगळं गाव शेडमध्ये घेणार. वीस मिनिटं. या वेळी फटसुद्धा नाही. बाहेरच्या स्लरीच्या टाकीवर छप्पर बसवणार होतो ना, ते पण रद्द केलं. छपराखाली किरण कोंडतात."

"मी ढवळणार नाही."

"माझा ट्रॅक्टर आहे. तू नसलीस तरी ढवळेल."

मेरेटे पंपाकडे गेली. पंप चालू केला तर आतून खडखड आवाज आला. पंपाच्या नळीला दगडगोटे अडवायला एक जाळी असते, ती तिने उघडली. नेहमी तिथे एखादा खडा, फार तर डुकराच्या कानातला बिल्ला निघतो. आज अकरा स्क्रू निघाले. काळे, बारीक, भिंतीला तक्ते ठोकायचे असतात तसले. आणि मुठीएवढं एक पांढरं ढेकूळ, ज्याच्या एका बाजूला कागदाचा थर होता आणि कागदावर पिवळा रंग.

पीठ दळताना चक्कीवाल्याचं लक्ष नव्हतं, एवढं तिला कळलं.

रविवारी दुपारी ती ओलुफ मास्तरांच्या घरी गेली. जटलंडमध्ये सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, पण ओलुफ मास्तरांना पन्नाशीचे आजोबासुद्धा 'तुम्ही' म्हणतात, कारण त्यांनी दोन पिढ्यांना रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि दोन्ही पिढ्यांची झोप उडवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्गंध निवारण मंडळ काढलं, विलाड्सच्या विरोधात एकशे चार पत्रं लिहिली, आणि आता ते प्रेबेनचे पहिल्या क्रमांकाचे भक्त होते.

"माझ्या नाकाने खात्री केलीय, मेरेटे," ते म्हणाले. "दोनदा."

"दोन्ही वेळा पहिल्या बादलीपासून?"

"अर्थात. रांग तशीच होती."

"मास्तर, दोन वास तपासताना क्रम बदलून बघायचा नाही का?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तू माझ्या वर्गात होतीस तेव्हा एवढे प्रश्न विचारत नव्हतीस."

"तेव्हा मला उत्तरं येत नव्हती, म्हणून प्रश्न विचारायची भीती वाटायची."

तिने ते ढेकूळ त्यांच्या टेबलावर, कॉफीच्या बशीत ठेवलं. मास्तरांनी ते उचललं. नखाने खरवडलं. कागद सोलला. मग पिवळा रंग बोटाने चाचपला.

"हा रंग मी निवडला होता," ते शेवटी म्हणाले. "रसायनशाळेच्या भिंतीसाठी. मुख्याध्यापकांना हिरवा हवा होता. तीन सभा झाल्या."

नोरहेडेची शाळा गेल्या वर्षी पाडली होती.

"म्हणजे भारलेलं पीठ..."

"जिप्सम," मास्तर म्हणाले. "भिंतीला लावायच्या जिप्समच्या तक्त्यांचा चुरा. कॅल्शियम सल्फेट." आणि मग, कोणीतरी फळा पुसून नवा खडू हातात दिल्यासारखे, ते उठून खोलीत फिरायला लागले. "जिप्सम स्लरीत टाकलं की अमोनिया थोडा कमी उडतो, हे खरं आहे. म्हणून डोळे चुरचुरत नाहीत. पण सल्फेटमध्ये गंधक असतं. हौदात हवा नाही, अंधार आहे, आणि ते गंधक खाणारे जंतू आहेत अब्जावधी. त्यांना त्याने तीस पोती मेजवानी दिली. तीन आठवडे ते खात बसले आणि हायड्रोजन सल्फाइड सोडत बसले. तो वायू स्लरीत बुडबुड्यांनी अडकून राहतो. कोणी ढवळलं की..."

"एकदम वर येतो."

"आणि हौद शेडच्या फरशीखालीच आहे, फरशीला फटी आहेत. आणि पंखे बंद." मास्तर खुर्चीवर बसले. "मी स्वतः कार्यक्रमपत्रिकेवर सही केलीय."

"मग खोडा. अध्यक्ष आहात."

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांना चर्चची खिडकी फोडायला सांगितली होती. "कार्यक्रमपत्रिका घरोघरी पोहोचली आहे. आमच्या घटनेप्रमाणे पोहोचलेल्या पत्रिकेतला विषय अध्यक्षाला गाळता येत नाही."

"माणसं मरतील, मास्तर."

"हो," मास्तर म्हणाले. "पण विषय गाळता येत नाही." मग त्यांनी कपाटातून घटनेची प्रत काढली आणि कलम अकरा उघडलं. "सभेतल्या सदस्याला उपसूचना मात्र मांडता येते. तू सदस्य आहेस का?"

मेरेटे स्लरीचा टँकर चालवायची. दुर्गंध निवारण मंडळाचं सदस्यत्व घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. त्या दुपारी, कॉफी गार होईपर्यंत, ती सदस्य झाली.

पुढच्या शनिवारी विलाड्सच्या अंगणात सभा भरली. विषय एक, सभेच्या सूत्रधाराची निवड. विषय दोन, मागील सभेचं इतिवृत्त. विषय तीन, वर्षभरातल्या वासांचा अहवाल. तो मास्तरांनी महिनावार वाचला आणि ऑगस्टपाशी त्यांचा आवाज थोडा कापला. विषय चार: 'चमत्कार. शेड क्रमांक दोनच्या आत, डुकरांसह. पंखे बंद. वीस मिनिटं.' विषय पाच, केक.

प्रेबेन तांब्याचं वेटोळं गळ्यात घालून शेडच्या दारापाशी उभा होता. "चला मंडळी, हळूहळू आत. ज्यांच्या खिशात नाणी असतील त्यांनी ती डाव्या खिशात ठेवा."

"उपसूचना," मेरेटे म्हणाली.

लोक थांबले. नोरहेडेमध्ये आग लागली असती तरी उपसूचना आधी ऐकून घेतली असती.

मेरेटेने कागद वाचला. "'शेडच्या आत' या शब्दांऐवजी 'शेडच्या बाहेर, वारा पाठीमागून येईल अशा जागी' हे शब्द घालावेत. 'डुकरांसह' हा शब्द गाळावा आणि डुकरं आधी शेड तीनमध्ये हलवावीत. आत फक्त वायुमापक ठेवावा."

"कारण?" कोणीतरी विचारलं.

"आत गेलात तर पाच-सात मिनिटांत मराल."

कुजबुज झाली. हे बोलणं लोकांना जरा भडक वाटलं.

प्रेबेन पुढे आला. "किरणांना जिवंत साक्षीदार लागतात. माणूस आत हवाच. मी या उपसूचनेला हरकत घेतो."

"तू सदस्य आहेस का?" मास्तरांनी विचारलं.

"मी चमत्कार आहे."

"चमत्काराला मत नसतं. बस."

सभा पुढे सरकेना. लोक विलाड्सकडे बघत होते, विलाड्स बुटांकडे. मेरेटेला दिसत होतं की ती हरणार. मरणाची भीती घालून जटलंडच्या माणसाला हलवता येत नाही. ती त्याला अतिशयोक्ती वाटते. तिने सभेकडे पाहिलं, म्हाताऱ्या कार्लाच्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि कागद खिशात घातला.

"आत वीस मिनिटं उभं राहायचं आहे," ती म्हणाली. "बाहेर खुर्च्या आहेत. आणि केक बाहेर आहे."

उपसूचना अडतीस विरुद्ध एकोणीस मतांनी मंजूर झाली. सहा जण तटस्थ राहिले, कारण त्यांना केक कुठला आहे ते अजून कळलं नव्हतं.

डुकरं हलवायला पाऊण तास लागला. तीही सदस्य नव्हती, त्यामुळे कोणी त्यांचं मत विचारलं नाही. मेरेटेने वायुमापक शेडच्या आत, माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीसमोर टांगला. पंखे बंद झाले. दारं लागली. वारा पाठीवर घेऊन त्रेसष्ट लोक चाळीस पावलांवर खुर्च्या मांडून बसले. ओलुफ मास्तर पक्षी बघायची दुर्बीण लावून खिडकीकडे बघत उभे राहिले. विलाड्सने ट्रॅक्टर चालू केला, ढवळणीचा पंखा हौदात फिरायला लागला.

"शून्य," मास्तर म्हणाले.

"बघा," प्रेबेन म्हणाला.

"दहा." आतून वायुमापकाची किंचाळी ऐकू यायला लागली. "चाळीस. नव्वद." मास्तर वर्गात गुण वाचून दाखवायचे त्याच सुरात वाचत होते. "एकशे वीस. इथे वास येणं बंद होतं. एकशे नव्वद. तीनशे दहा. इथे डुकरं नमस्कार करतात. चारशे. पाचशे." त्यांनी दुर्बीण खाली केली. "पाचशेच्या पुढे मोजायची त्याला सोय नाही."

घड्याळात सहा मिनिटं झाली होती. कोणी केकला हात लावला नव्हता.

"त्या डब्यात बॅटरी आहे," प्रेबेन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण तोंडावर खरी चीड होती. मेरेटेला त्याचंच आश्चर्य वाटलं. "बॅटरी किरणांना त्रास देते. आकडा कसला बघताय? डुकरांनी माझ्या किरणांपुढे डोकं टेकवलंय. आज मी आत जातो, आणि बघा मी कसा बाहेर येतो."

आणि तो निघाला. खरंच निघाला. दोन्ही तारा पुढे धरून, पांढरा सदरा फडफडवत, तरातरा शेडच्या दाराकडे.

मेरेटे त्याच्यामागे धावली. ती गमबूट घालून धावत होती आणि तो श्रद्धेने, त्यामुळे तो पुढे होता. दाराला वीस पावलं उरली असताना तिच्या हाताला त्याच्या गळ्यातलं तांब्याचं वेटोळं लागलं. तिने ते धरलं आणि दोन्ही पाय रोवून मागे ओढलं. वेटोळं ताणून लांब झालं, मग तटकन थांबलं, आणि अडकलेले किरण सोडवणारा माणूस पाठीवर आपटला. तिने त्याला काखेत हात घालून तसाच फरफटत खुर्च्यांपर्यंत आणला.

"सोड मला," तो म्हणाला. "लोक बघतायत."

"म्हणून तर धरलंय. त्यांना तुझं प्रेत बघायला नको."

विलाड्सने ढवळणी थांबवली. मास्तरांनी बाहेरच्या बटणावरून पंखे पूर्ण जोरात सोडले. मेरेटे प्रेबेनच्या छातीवर गुडघा ठेवून म्हणाली, "पिठात काय आहे, ते सांग."

"ऊर्जा."

तिने खिशातून स्क्रू काढले आणि एकेक करून त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ठेवले. सातव्या स्क्रूला तो म्हणाला, "भिंत."

"कसली भिंत?"

"शाळेची."

म्हातारी कार्ला खुर्चीतून पुढे झुकली. "आमच्या शाळेची?"

"पाडकामाचा माल न्यायचं काम होतं माझ्याकडे," प्रेबेन आभाळाकडे बघत म्हणाला. "भिंतीचे तक्ते फेकायला लांब जावं लागतं. मी ते दळले. एका गोठ्यात टाकून बघितले, डोळ्यांची चुरचूर कमी झाली. मी लोकांना सांगितलं, जिप्सम आहे, चांगलं आहे. एक माणूस आला नाही. मग किरण म्हटलं. किरण म्हटल्यावर त्रेसष्ट आले."

"आणि बादल्यांची रांग?"

"ती मी केली," तो म्हणाला. "ती लबाडी होती. पण विलाड्सने डुकरांचं सांगितलं, ते मला खरंच वाटलं. खरंच वाटलं, बाई. माझ्यापुढे आजवर कोणी वाकलं नव्हतं."

विलाड्स ट्रॅक्टरवरून उतरला होता. तो शेडच्या दाराकडे, त्या गुरुवारी तो जिथे फटीत उभा होता त्या जागेकडे बघत होता. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

"मी तिथे किती वेळ होतो?" त्याने कोणालाही उद्देशून न बोलता विचारलं.

"थोडाच," मेरेटे म्हणाली. "म्हणून तर आपण बोलतोय."

मास्तरांनी मग सगळ्यांना समजावून सांगितलं. पहिली बादली नाकाला थकवते, म्हणून दुसरी बरी वाटते. उलट्या क्रमाने गेलं असतं तर आठवडाभरापूर्वीच सगळं उघड झालं असतं. जिप्सम अमोनिया दाबतं, पण जंतूंना गंधक पुरवतं. गंधकाचा वायू हौदात साठतो, ढवळलं की उसळतो. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यांसारखा येतो. फार झाला की वास घेणारी नसच बधिर होते, आणि माणसाला वाटतं हवा शुद्ध झाली. "हे मी छत्तीस वर्षं शिकवलं," ते शेवटी म्हणाले. "आणि बादलीपुढे उभा राहिलो तेव्हा चमत्कार खरा असावा, असं मला हवं होतं. अकरा वर्षं हवं होतं. एवढं हवं असलं की माणूस क्रम बदलून बघत नाही. इतिवृत्तात माझं नाव घाला."

ज्याने लिहायचं होतं त्याने लिहिलं.

दोन तासांनी, सगळी दारं उघडी टाकून, पंखे चालू ठेवून, वायुमापक शून्यावर आल्यावर डुकरं परत आली. त्यातली काही जागेवर बसली, पण ती नुसती बसली. कोणी त्याचा अर्थ काढला नाही.

प्रेबेनला पोलिसांच्या गाडीने नेलं. जाताना त्याला केकचा एक तुकडा देण्यात आला, कारण विषय पाच चालू झाला होता आणि पत्रिकेत 'उपस्थितांना' असं लिहिलेलं होतं.

मग आले ऐनवेळचे विषय. मंडळाच्या घटनेप्रमाणे त्यात काहीही ठरवता येत नाही, पण काहीही बोलता येतं. विलाड्स उभा राहिला आणि म्हणाला की टाकीवरच्या छपराची मागणी तो सोमवारी पुन्हा नोंदवेल, छप्पर येईपर्यंत स्लरीवर पेंढ्याचा जाड थर घालेल, आणि तीस पोती शाळा पोटात असलेला तो हौद मेरेटे सांगेल तसाच रिकामा होईल: शेडमध्ये ना माणूस ना डुक्कर, पंखे पूर्ण जोरात, वायुमापक कॉलरला. स्लरी पाइपांनी मातीत जाईल, ओढ्यापासून लांब, वारा गावाकडे नसेल त्या दिवशी. आणि आदल्या दिवशी सगळ्यांना फोनवर निरोप जाईल, म्हणजे कपडे वाळत घालायचे नाहीत ते कळेल.

"म्हणजे वास येणारच?" कार्लाने विचारलं.

"येणार," विलाड्स म्हणाला. "कमी येईल. पण येणार. डुकरं आहेत."

लोकांनी मेरेटेकडे पाहिलं. तिला भाषण करायची सवय नव्हती. तिने टोपी काढली, पुन्हा घातली.

"मी बारा वर्षं हौदांवर काम करतेय," ती म्हणाली. "मला वासाचा राग येत नाही. वास म्हणजे निदान काहीतरी खरं सांगणारं कोणीतरी आहे. त्याला कमी करायचं असेल तर छप्पर आहे, पेंढा आहे, पंखा आहे, वेळच्या वेळी उपसणं आहे. सगळी कंटाळवाणी कामं आहेत, वर्षभर करावी लागतात, आणि ती बघायला कोणी रांग लावत नाही. ज्या दिवशी कोणी म्हणेल की मी एका वेटोळ्याने सगळं घालवतो, त्या दिवशी त्याच्या पोत्यात हात घालून बघा. बादल्यांचा क्रम उलटा करा. तो स्वतः आत येतो की बाहेर उभा राहतो, ते बघा. तो चिडला तर चिडू द्या. आणि इतक्या वर्षांची घाण एका क्षणात नाहीशी झाली असं तुमचं स्वतःचं नाक सांगायला लागलं, तर टाळ्या वाजवू नका, हातसुद्धा जोडू नका. आधी दार उघडा, बाहेर या, आणि मोकळ्या हवेत उभं राहून विचारा: गेली कुठे?"